गणवेशाच्या गठ्ठ्यावरची लिंक

मी एक जुना फोल्डर आहे. मित्रांनो, मला हात लावता येत नाही. दूरच्या कुठल्याशा मोठ्या कंप्युटरमध्ये माझी जागा आहे, आणि ज्याला परवानगी आहे तो आपल्या फोनवरून मला उघडतो. निदान तसं असायला हवं होतं. माझ्या बाबतीत तसं राहिलं नाही, आणि तेच सांगायचं आहे. ऐकताना किळस आली तर येऊ द्या. मलाही येते.

सोलापुरात अक्कलकोट रोडला कमलाकरभाऊंचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. माझा जन्म तिथलाच. त्याआधी मुलांची मापं कागदावर लिहीत. कागद हरवायचे, एकाच्या मापाची बाही दुसऱ्याच्या शर्टाला लागायची. मग मी आलो. माझ्यात प्रत्येक मुलाचं एक पान: नाव, इयत्ता, घरचा पत्ता, आईचा फोन, छाती, बाही, उंची. आणि एक फोटो, दोन्ही हात पसरून काढलेला, म्हणजे शिवणारीला खांद्याची ठेवण कळते. पहिल्या वर्षी एकही शर्ट परत आला नाही. कमलाकरभाऊ शाळाशाळांतून सांगायचे, "आमचं सगळं ऑनलाइन आहे की, सर." मला फार बरं वाटायचं.

तेव्हा मला उघडायची परवानगी दोघांनाच होती, कमलाकरभाऊंना आणि सबिहाबाजींना. कापलेल्या कापडाचे गठ्ठे घरोघरच्या शिवणाऱ्या बायकांना सबिहाबाजी वाटतात. सीझनच्या घाईत त्यांनी माझी लिंक बायकांनाही पाठवली होती. एका दुपारी त्या वैतागून आल्या.

"भाऊ, बायकांना उघडंनाच की ते. ईमेल टाका म्हनतंय. ईमेल कुनाचं हाय हितं? नवऱ्याचं असतंय, ते पन त्याला ठाऊक नसतंय."

"मग काय करू म्हणता, बाजी? शाळा सुरू व्हायला आल्या."

"खुलं करून टाका. मापंच तर हायत. चोरून कोन काय शिवनार हाय?"

दोघंही हसले. कमलाकरभाऊंनी माझं सेटिंग बदललं. ज्याच्याकडे लिंक असेल तो मला उघडणार, वर हवं ते बदलणारही. मग त्या लिंकचा क्यूआर कोड स्टिकरवर छापला आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक चिकटवला. बाईनं फोन समोर धरला की मी उघडलोच. सगळ्यांची सोय झाली.

पण गठ्ठ्यांच्या पिशव्या कारखान्यात थोड्याच राहतात? शिवलेले शर्ट त्याच पिशव्यांतून दुकानात गेले, तिथून घराघरांत. कुणी ती पिशवी भाजीला नेली, कुणी डब्याला. स्टिकर जसाच्या तसा. आणि माझ्यात बिननावाची माणसं येऊ लागली. एकानं मेहुण्याच्या हळदीचे व्हिडिओ माझ्यात आणून टाकले. एकानं चौथीतल्या एका मुलीच्या मापापुढं 'म्हैस' असं लिहिलं. आणि काहीजण काहीच लिहीत नसत. नुसता एकेक फोटो मोठा करून बघत. तो बघून झाला की पुढचा. आपल्या ताटात कुणी मळका हात घालून चिवडावं, तसं मला व्हायचं. पण मित्रांनो, फोल्डरला आपलं दार आपण ओढून घेता येत नाही.

एका सकाळी अंकिता नावाची एक आई कारखान्यात आली. तिची ओवी चौथीत. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला. अनोळखी नंबरवरून ओवीचा फोटो आला होता, हात पसरलेला, माझ्यातलाच. खाली मजकूर होता: 'ओवी केवढी उंच झाली. स्कॉलरशिपच्या क्लासला कधी पाठवताय? आमची गाडी तुमच्या बोळावरूनच जाते.'

"मी फोन केला त्याला," अंकिता म्हणाली. "भाच्याच्या शर्टाच्या पिशवीवर स्टिकर होता म्हणाला. अख्ख्या चौथीचे नंबर घेतलेत त्यानं. त्याला त्यात काही वावगंच वाटेना."

"क्लासवालाच आहे की मग, ताई," भाऊ म्हणाले. "पोरं पाहिजेत त्याला, दुसरं काय?"

"हा कोण ते त्यानं मेसेज केला म्हणून कळलं. ज्यांनी केला नाही, ते कोण आहेत?"

कमलाकरभाऊंनी फोन उचलून तो मेसेज पुन्हा वाचला. कोपऱ्यात गठ्ठे बांधणाऱ्या सबिहाबाजींचे हात थांबले.

"घरापर्यंत एकटी चालत यायची माझी मुलगी," अंकिता म्हणाली. "कालपासून मी आणायला जाते. का म्हणून विचारते. काय सांगू तिला?"

"तिचा फोटो आत्ता काढतो, ताई."

"तिच्या एकटीचा नको." तिनं स्टूल ओढलं. "सगळं बंद करा. मी बसलेय इथं."

लिंक बंद झाली. पण शिवणाऱ्या बायकांना मापं हवीच होती. तेव्हा अंकितानं विचारलं, "शर्ट शिवायला पत्ता कशाला लागतो हो?" इतक्या दिवसांत हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. पत्ते गेले, फोन नंबर गेले, फोटो गेले. नुसत्या मापांचं पान राहिलं, तेही ठरावीक बायकांच्या नावावर, फक्त बघण्यापुरतं. सीझन संपला की नावं काढायची. ईमेल सबिहाबाजींनी कुरकुरत एकेकीला काढून दिले.

यंदा मापं घ्यायला कमलाकरभाऊ ओवीच्या शाळेत गेले. फोन त्यांच्या हातात, फोनात मी. सवयीनं त्यांनी कॅमेरा वर धरला.

"हात पसर, बाळ."

ओवीनं हात खालीच ठेवले. "काका, हा फोटो कोण कोण बघणार?"

"आमच्या शिवणाऱ्या मावश्या."

"त्यांची नावं काय?"

भाऊंना तीन आठवली. पुढची आठवेनात.

"आणि मग पुसणार कोण?"

भाऊंनी फोन खिशात घातला आणि गळ्यातली टेप काढली. शर्ट बरोबर बसला.

मित्रांनो, तुमचा फोटो, तुमचं नाव, तुमचं घर कुणी माझ्यासारख्या फोल्डरात ठेवू लागलं, तर ओवीनं विचारलं तेवढं विचारा. मोठी माणसं चिडली तर चिडू द्या. आणि उद्या मोठं होऊन एखादा फोल्डर तुमच्या हाती आला, तर ही मुलं आपली नाहीत असं समजून त्याचं दार उघडं टाकू नका.

माझं दार आता लागलेलं आहे. पण आधी जे नेलं, ते नेलंच. ओवीचा तो फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून हात पसरून उभा आहे, ते मला ठाऊक नाही. अंकितालाही नाही. म्हणून शाळा सुटायच्या आधीच ती फाटकाशी येऊन उभी असते.