शेठच्या अंगणातली लाकडं

योगेंद्र शेठचं कारंज्यात किराणा दुकान होतं. टाळेबंदीत गोडेतेलाच्या डब्यांवरून तिथे मारामारी झाली. त्या रेटारेटीत त्याचे वडील नानाजी शटरखाली चेंगरून मेले. तेव्हापासून शेठच्या डोक्यात एकच बसलं : पुन्हा सगळं कोसळणार, आणि माणसं लुटायला येणार. दुकान विकून तो बायकोला, रुचिकाला, घेऊन गिरडच्या टेकडीमागे राहायला आला. आमची गोंडांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. त्याने वीज घेतली नाही, फोन ठेवला नाही.

पहिल्या वर्षी घर ठासून भरलेलं होतं. पण साठवलेलं टिकत नाही. तांदळाला सोंडे लागले. काडीपेट्या पावसाळ्यात सादळल्या. सिलेंडर संपले. सोलरच्या बॅटरीत घालायचं पाणी सरलं, म्हणून त्याने विहिरीचं घातलं आणि ती मेली. मग जीपची बॅटरी काढून घरात लावली, तीही गेली. भरवशाचं एकच उरलं, अंगणात रचलेली बाभळीची लाकडं. चूल त्यांच्यावर, पाणी उकळणं त्यांच्यावर. शेठ त्यांच्या आडोशाला कुऱ्हाड घेऊन बसे.

"शेठ, येत जा कधी वस्तीवर," मी म्हणे.

"काऊन पुनाजी? मी तिकडे आलो का तुमी इकडे घर साफ करसान?"

दुकानात दरवर्षी गिऱ्हाइकांना फुकट कॅलेंडर वाटणारा माणूस. इथे येताना त्याने एकही आणलं नव्हतं.

आमच्याकडे होळीचं लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात. उचलताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुंपणाबाहेर पडलं की बोंब ठोकायची. मग मालकाने शिव्या द्यायच्या, चोरांनी हसायचं, आणि लाकूड होळीचं झालं.

त्या होळीला दिवस मावळायच्या सुमारास माझा मुलगा लखन म्हणाला, "बाबा, शेठकडून आणतो. बिचाऱ्याले शिव्या द्याले कोनी भेटत नाई."

तो आणि त्याचा दोस्त धीरज पुढे गेले. शेठला पुरणपोळीला बोलवावं म्हणून मीही मागून निघालो.

मी कुंपणाशी पोचलो तेव्हा लखनच्या खांद्यावर ओंडका होता. तोंड मिटलेलं, पण डोळे हसत होते. शेठ राशीमागून उठला. तोही काही बोलला नाही. त्याने घातलेली कुऱ्हाड ओंडक्यावरून घसरली आणि लखनच्या दंडात हाडापर्यंत गेली.

"आले! शेवटी आले तुमी!" शेठ किंचाळला आणि त्याने दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली.

धीरजने हातात आलेलं लाकूड त्याच्या तोंडावर हाणलं. दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. "होळी हाय आज, भडव्या! होळी!"

मी शेठला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि त्याचीच कुऱ्हाड त्याच्या गळ्यावर टेकवली. पातं गरम होतं. माझ्या मुलाचं रक्त शेठच्या गळ्यावर ओघळत होतं.

रुचिका धावत आली. नवऱ्याकडे न पाहता तिने ओढणी काढून लखनचा दंड करकचून आवळला. मग म्हणाली, "काका, यायले मारसान त गाडी कोन चालवन? मले नाई येत."

धीरजलाही येत नव्हती. मलाही नाही.

मी उठलो. लखनला जीपमध्ये मागे निजवलं, शेठला मानगुटीला धरून पुढे कोंबलं. बॅटरी नाही. मी, धीरज आणि रुचिका, तिघांनी धक्का मारून जीप उतारावर आणली. शेठने ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी गेलेलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. लखनचे ओठ पांढरे झाले होते. तिसऱ्यांदा, अगदी नाल्यापाशी, ते धरलं.

वस्तीवर माणसं न पेटवलेल्या होळीभोवती उभी होती. आम्ही धूळ उडवत पुढे गेलो.

"पुनाजी," शेठने फुटक्या तोंडाने विचारलं, "खरंच होळी हाय आज?"

कुऱ्हाड माझ्या मांडीवर होती, आणि समुद्रपूरचा दवाखाना येईपर्यंत ती मी तिथेच ठेवली.

दवाखान्यात लखनचा हात काढावा लागला. जीव वाचला. पोलिसांनी शेठला नेलं तेव्हा रुचिका त्याच्या मागे गेली नाही, लखनच्या खाटेशी बसून राहिली.

शुद्धीवर आल्यावर लखनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बाजूकडे.

"बाबा, लाकूड बाहेर आलतं का?"

"नाई रे."

"मंग बोंब?"

साऱ्या वाटेने मीच बोंब मारत होतो.

"मारली," मी म्हटलं.