नवरीच्या आईची ओवी

चकलांब्यात कुणाकडं हळद दळायची असली की चतुराबाईंना बोलावणं जायचं. साठी उलटलेल्या चतुराबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण जात्याचा खुंटा हाती आला की समोर दिसेल त्या माणसावर तिथल्या तिथं ओवी रचायच्या. पहिली ओळ म्हणताना दुसरी त्यांनाही ठाऊक नसे. जातं फिरता फिरता सुचायची.

त्या सकाळी सुंदररावांच्या तेजश्रीची हळद होती. तेजश्रीची आई ती दोन वर्षांची असतानाच गेली. पुढं सुंदररावांनी वनमालाशी लग्न केलं आणि वनमालानंच पोरीला लहानाचं मोठं केलं. ते लग्न तेजश्रीच्या मावशीला, ताराबाईला, रुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं या घराची पायरी चढली नव्हती. आज भाचीसाठी ती धर्मापुरीहून आली, चतुराबाईंच्या समोर जात्याला बसली, पण वनमालाशी अवाक्षर बोलली नाही. वनमाला आपली लांब चुलीपाशी चहाचं बघत होती.

बापावर ओवी झाली, चुलत्यावर झाली. मग सवयीनं चतुराबाईंच्या तोंडून निघून गेलं,

"नवरीच्या आईला गं, हाक मारते दारात..."

ताराबाईनं मान वर केली. चुलीपाशी वनमालानं खाली घातली.

चतुराबाईंच्या ध्यानात आलं. कुठल्या आईला हाक मारली आपण? एकीचं नाव घ्यावं तर दुसरीचा सगळ्यांदेखत अपमान. म्हटलेली ओळ माघारी घेता येत नव्हती. त्यांनी तीच पुन्हा म्हटली, सूर लांबवून, जातं जरा हळू करून. तेवढ्यात त्यांची नजर पाटावरल्या तेजश्रीवर गेली. पोरगी एकदा मावशीकडं बघत होती, एकदा वनमालाकडं. तिला दोघी हव्या होत्या. ते दिसलं आणि ओळ आली,

"एक आली आभाळातून, एक हुती घरात."

जातं थांबलं. ताराबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "वनमाला, तिकडं कशाला बसलीस? ये, हात लाव खुंट्याला."

"चहा उतू जाईल, ताई."

"जाऊ दे."

वनमाला हात पुसत आली. चतुराबाईंनी सरकून तिला जागा दिली. शेजारची सुनिता घाईघाईनं मोबाईल काढून म्हणाली, "आत्या, तेवढी ओवी परत म्हना ना. रेकॉर्ड करते."

"आता न्हाई ती जमायची," चतुराबाई म्हणाल्या. "तवा ह्या दोघी लांब लांब हुत्या. आता एका खुंट्याला हायेत. आता दुसरी बघावी लागंल."

आणि जातं फिरू लागलं.