खाजाभाईची बांग

लढाईचं साल होतं. बेलापुरात खाजाभाईच्या साठ कोंबड्या होत्या आणि त्यांची अंडी टोपलीत भुसा घालून नगरच्या लष्करी कॅम्पात जायची. घर त्यावरच चालायचं. पण त्याच्या बायकोला, मुमताजला, त्या कोंबड्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या होत्या. त्यांनी तिच्या नवऱ्याचा आवाज खाल्ला होता.

चौदा वर्षं मशिदीतली बांग खाजाभाईनंच दिलेली. गळा असा, की नदीपल्याड औत हाकणारा गडी थांबून ऐकायचा. आता खुराडं झाडून झाडून छाती भरली. दोन शब्दांत दम तुटायचा. यंदाच्या रमजानात बांग जैनुद्दीन शिंपी देत होता. आवाज बरा होता त्याचा, नाही म्हणायला नको. पण रोज दिवस मावळता, मगरीबला, रोजा सोडायला ओट्यावर खजूर धरून बसलेल्या मुमताजचे कान दुसऱ्याच आवाजाची वाट बघायचे.

एका सकाळी शेजारच्या गोजरबाईनं कुडावरून बघितलं. खाजाभाई खुराड्यात वाकून खराटा मारतोय, वाळक्या शिटेची धूळ नुसती उसळतेय, आणि तोंडाला काही नाही.

“खाजाभाई, खळ्यावर उफणताना आमी वल्लं फडकं बांधतो. आन तुमी ती घाण छातीत भरताय!”

“रोजा हाय, वहिनी. वल्ल्या फडक्यातला येक थेंब घशात गेला म्हंजी?”

हे ऐकून मुमताज ओट्यावरून उठून आली. रमजानाआधी तिनंच त्याला ओलं फडकं बांधायला लावलं होतं. खोकला उतरलाही होता. बारा रोज्यांत तो पुन्हा का चढला, ते तिला आत्ता कळलं.

“म्हंजी धूळ गिळलेली चालती, पानी चालत न्हाई? रोज पावशेर शीट खाताय, त्यानं रोजा ऱ्हातोय व्हय?”

गोजरबाई पदरात हसली. खाजाभाईही हसायला गेला आणि खोकत खाली बसला.

मुमताजनं कोंबड्या बाहेर हुसकल्या. दार सताड उघडलं, धूळ बसू दिली. फडकं भिजवून इतकं पिळलं की थेंब गळेना, मग त्याच्या नाकातोंडावर आवळून बांधलं. आत हातानं पाणी शिंपडायला लागली.

“लई नको. वलीनं कोंबड्यांना रोग पडतो,” तो फडक्याआडून म्हणाला.

“कोंबड्यांची काळजी हाय लई! वाऱ्याकडं पाठ करा. आन खराटा ठिवा, फावड्यानं उचला.”

उरलेले रोजे असेच गेले. खोकला उतरला, दम काही पुरता परतला नाही. रोज तिन्हीसांजेला तिला वाटायचं, आज. रोज जैनुद्दीनच.

शेवटच्या रोज्याला जैनुद्दीन घरी आला.

“चाचा, आज तुमी द्या.”

मुमताजनं नवऱ्याकडं बघितलं. खाजाभाईनं नाही म्हणून मान हलवली.

“मधीच तुटली तर गाव उपाशी बसंल. तूच दे.”

दिवस मावळला. बांग सुरू झाली तशी गल्लीत ताटं वाजली. मुमताजनं खजूर तोंडाशी नेला आणि थबकली. शेजारी बसलेल्या नवऱ्याचे ओठ हलत होते. तीच बांग, पुटपुटत, दम घेत घेत, मागं पडत.

जैनुद्दीनची संपली. गल्ली खायला लागली. खाजाभाई अजून निम्म्यातच होता. एकदा छाती शिट्टीसारखी वाजली. थांबला, पुन्हा बांग धरली.

मुमताज खजूर हातात घेऊन बसून राहिली. त्याची संपेपर्यंत.