राणीची एन.ओ.सी.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरची दुकानं आणि लोखंडाची गोदामं यांच्या मधोमध, हॉटेलांसाठी चादरी आणि टॉवेल विणणारा एक कारखाना होता. त्याचे साहेब मिस्टर फिलिप डेलमू. हे नाव कामगारांच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी मिळून त्यांचं देशमुख करून टाकलं. साहेबांना ते फार आवडलं. देशमुख म्हणजे खानदानी माणूस, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

खानदान हे साहेबांचं दुखणं होतं. दुखणेकऱ्याने भेटेल त्याच्यापुढे नाडी धरावी, तसं साहेब भेटेल त्याच्यापुढे खानदान धरत. चारशे चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडच्या मुलखात विणकर होते. धर्माने प्रोटेस्टंट. तिथला राजा कट्टर कॅथलिक. तो यांना जाळायला उठला, तेव्हा हे होडीत बसून इंग्लंडातल्या नॉर्विच नावाच्या शहरात पळून आले. येताना हातातली कला आणली आणि पिंजऱ्यातून पिवळे कॅनरी पक्षी आणले. शहराचा कापडधंदा तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. यांनी त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि तो उठून बसला. आजही त्या शहराच्या फुटबॉल टीमचे शर्ट पिवळे आहेत ते आमच्या पक्ष्यांमुळे, असं सांगताना साहेबांचा गळा दाटून यायचा. जणू शर्टांची बटणंही त्यांच्या खापरपणजीनेच लावली होती.

सोमनाथ तारळेकरने ही कथा सात वर्षं ऐकली. तो कामाला लागला त्या सत्त्याण्णव सालात त्या पूर्वजाकडे एकच माग होता. दोन हजार साली चार झाले. दोन हजार चार उजाडेपर्यंत बारा माग झाले होते आणि खुद्द राणी धक्क्यावर येऊन त्याची पेटी उचलू लागली होती. साहेबांच्या केबिनमध्ये पिंजऱ्यात एक कॅनरी असे. कथा सुरू झाली की तो पंखात डोकं घालून झोपून जाई. एसी तर असा, की एकदा तिथे राजन सुताराला आलेली शिंक नाकाबाहेर पडताच गोठली आणि टेबलावर वाजली, असं राजन स्वतः शपथेवर सांगायचा.

सोमनाथ विट्याचा कोष्टी. विट्यातल्या दर दुसऱ्या कोष्ट्याचा आजा कधी ना कधी कुठून तरी पळून आलेला होता, पण त्याची कुणी फ्रेम करून भिंतीला लावली नव्हती. कारखान्यात चाळीस साचे, म्हणजे यंत्रमाग होते. साच्यावरचं सूत संपत आलं, की नव्या सुताचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडावा लागतो. त्याला सांधणी म्हणतात. एका साच्याला अडीच हजार धागे. या कामासाठी साहेबांनी जर्मन यंत्र आणलं होतं. वाळू खाऊन ते पहिल्याच उन्हाळ्यात वारलं. तेव्हापासून सगळी सांधणी सोमनाथच्या बोटांवर आली. बोटं अशी, की बोलता बोलता गाठ मारून मोकळी. खोलीतली माणसं सांगत, हा झोपेत स्वतःच्या मिशा उशीच्या अभ्र्याला सांधतो आणि सकाळी अभ्र्यासकट तोंड धुवायला जातो.

तीच बोटं त्याला नडली. शारजाच्या रोल्ला बाजारात अजीजमिया नावाचा, उत्तर प्रदेशातल्या मऊ गावचा म्हातारा जुलाहा, म्हणजे विणकर होता. त्याच्याकडे चार हातमाग. कंदुऱ्याच्या, म्हणजे अरबी झग्याच्या आत नेसायची वजार, म्हणजे आपली लुंगीच, तो तिथे हाताने विणायचा आणि जुन्या घरातले अरब त्या घ्यायला अबूधाबीहून यायचे. अजीजमियाची नजर गेली होती. त्याला कारागीर हवा होता.

"सोमनाथ भाई, मास्टर वीवर का वीजा दूँगा, फॅमिलीवाला," तो म्हणाला होता. "बीवी को बुलाओ. माग पे आदमी, चरखे पे औरत, तभी कपडा बनता है. लेकिन मई का महिना खतम, तो हमारी बात भी खलास. मैं दूसरा देख लूँगा."

सत्यभामा सात वर्षं विट्यात होती. सात वर्षांत नवरा-बायकोच्या वाट्याला एकूण पाच महिने आले होते. आता मध्ये एकच कागद उरला होता: देशमुख साहेबांची एन.ओ.सी., आमच्या या माणसाला दुसरीकडे काम करायला आमची हरकत नाही, असं पत्र. ते नसेल तर नोकरी सोडणाऱ्याने विमानात बसायचं आणि सहा महिने इकडे तोंड दाखवायचं नाही.

सोमनाथ तीनदा केबिनमध्ये गेला. पहिल्यांदा अर्धा तास पूर्वज. दुसऱ्यांदा पाऊण तास पूर्वज आणि एक कप चहा. तिसऱ्यांदा साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोमनाथ, तू नोकर नाहीस. तू फॅमिली आहेस. फॅमिली कधी सोडून जाते का?"

बाहेर टायपिंगच्या टेबलाशी सेबॅस्टियन बसला होता. वसईचा कॅथलिक, अकरा वर्षं साहेबांची पत्रं टाइप करणारा.

"काय रे, मिळाली?"

"न्हाई. फॅमिली झालो."

"अरेरे! मग मेलास. नोकराला निदान शुक्रवारची सुट्टी असते." सेबॅस्टियनने आवाज खाली आणला. "माझं बघ. यांच्या खापरपणजोबाला आमच्या कॅथलिक लोकांनी हाकललं. सूड कुणावर घ्यायचा? तर हा सापडला वसईचा. अकरा वर्षं वसुली चाललीय बाबा."

त्या आठवड्यात सोमनाथने रोल्लातून फोन लावला.

"अहो, तुम्ही येताय, का मी यायचंय, का दोघांनी आपापल्या जागी म्हातारं व्हायचं?" सत्यभामाने विचारलं.

"साहेब म्हणतो, मी त्याच्या फॅमिलीतला हाय."

"व्हय? मग सुनंला बोलवा म्हणावं घरी! सात वर्सं झाली, साधी चोळी-बांगडी न्हाई पाठिवली त्यांनी!"

फोनचं कार्ड संपलं. सोमनाथ रिसीव्हर धरून उभाच राहिला. रांगेतल्या मागच्या पठाणाने "यल्ला, चल" म्हणून ढकलला, तेव्हा हलला.

मे महिना लागला आणि साहेबांच्या दुखण्याने उचल खाल्ली. नॉर्विचच्या कुठल्याशा इतिहास मंडळाच्या जोआना मॅडम ऑस्ट्रेलियाला जाता जाता दोन दिवस दुबईत उतरणार होत्या. साहेबांनी दुबई मरीनात नवा फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला सगळ्या क्रेन, पाण्यात सिमेंटची साय, पण बत्तिसाव्या मजल्यावर हॉल मोठा. तिथे शुक्रवारी दुपारी साठ पाहुणे आणि एक नाटक, असा बेत ठरला. साहेब त्या काळच्या नॉर्विचचे नगराध्यक्ष होणार, लाल झगा आणि गळ्यात पितळी साखळी घालून. पळून आलेला पहिला विणकर सोमनाथ. त्याने मागावर बसून विणायचं आणि नगराध्यक्षाने त्याला राणीचं पत्र द्यायचं.

"पण साहेब, तुमचे पूर्वज गोरे ना?" राजनने माग ठोकता ठोकता विचारलं.

"हे प्रतीक आहे," साहेब म्हणाले.

प्रतीकाला काळा लोकरी कोट, पांढरी कॉलर आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून आले. बाहेर बेचाळीस डिग्री.

मग साहेबांनी सेबॅस्टियनला बोलावलं. त्या वेळी राणीने तीस कारागिरांना घरादारासह राहून काम करायची परवानगी दिली होती. तसं पत्र हवं. अगदी अस्सल. "कागद चांगला घे. सही, शिक्का, सगळं खरं पाहिजे. खोट्या वस्तूला मॅडम लगेच ओळखतात."

"आणि मजकूर, सर?"

"सोपा आहे. या विणकराला हवं तिथे जाऊन आपलं काम करता यावं, आमची काही हरकत नाही. बाकी तू बघ. आणि कागद चहात बुडव, जुना दिसला पाहिजे."

सेबॅस्टियन टेबलाशी येऊन बसला. हरकत नाही असं पत्र त्याने अकरा वर्षांत एकाच नमुन्यात टाइप केलं होतं: वर कंपनीचं नाव, मग कामगाराचं नाव, पासपोर्ट नंबर, खाली तेच अरबीत. हात आपोआप त्या नमुन्यावर गेला की त्याने मुद्दाम नेला, हे त्याने पुढे वसईच्या चर्चमध्ये कन्फेशनलाही सांगितलं नाही. चहात त्याने फक्त वरचं वेष्टन बुडवलं.

शुक्रवारी गाडीत त्याने सोमनाथला कागदात काय टाइप केलंय ते सांगितलं.

सोमनाथ पांढरा पडला. "आरं, त्यांनी वाचलं तर?"

"चष्मा लावणार नाहीत. नगराध्यक्षाला शोभत नाही म्हणे. तू फक्त माग चालव. हातात पडलं की कोटाच्या आत घाल आणि आई मेल्यासारखा गप बस."

हॉल भरला. साहेबांनी सोमनाथला बकलाचे बूट दिले होते. मागाशी येताच त्याने ते काढले, मोजेही काढले आणि मागाखालच्या पावड्यांवर अनवाणी पाय ठेवले. साहेबांनी डोळे वटारले.

"साहेब, बूट घालून कोष्टी मागावर बसत न्हाई. आई म्हणतो आमी मागाला."

जोआना मॅडम पुढे वाकून बघत होत्या. पांढऱ्या केसांची, काठीसारखी ताठ बाई. त्यांनी साहेबांना काही विचारलं नाही. सोमनाथच्या पायांकडे बघत राहिल्या.

धोटा पळू लागला. खट खट खट. साहेबांनी भाषण सुरू केलं. त्या दुपारी मागांची संख्या अठरा झाली, होडी वादळात दोनदा उलटली आणि कॅनरीने पोहत येऊन वाट दाखवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शीतपेयाचे ग्लास हातात असलेल्या माणसाला कॅनरी पोहला काय आणि उडला काय, सारखंच. मग साहेबांनी गुंडाळी उलगडली, मोराच्या पिसाने खाली लफ्फेदार सही केली आणि सेबॅस्टियनने पुढे केलेला कंपनीचा शिक्का दाणकन मारला.

"राणीच्या वतीने!" साहेब गरजले आणि पत्र पुढे केलं.

सोमनाथचा हात अर्ध्यावर गेला होता, तेवढ्यात जोआना मॅडम म्हणाल्या, "थांबा. वाचून दाखवा ना आम्हाला."

साहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. अक्षरांच्या मुंग्या झाल्या. "तुम्हीच वाचा," ते दिलदारपणे म्हणाले. "माझ्यापेक्षा तुमच्या तोंडी शोभेल."

सेबॅस्टियनने छातीवर क्रूसाची खूण केली. त्याच क्षणी मागावर एक धागा तुटला. सोमनाथने खाली मान घातली आणि बोटं धाग्याकडे गेली.

मॅडमनी खणखणीत वाचलं. अमुक कंपनीतर्फे प्रमाणित करण्यात येते, की श्री. सोमनाथ बाळकृष्ण तारळेकर, भारतीय नागरिक, पासपोर्ट नंबर अमुक, पेशा विणकर, यांनी दुसऱ्या मालकाकडे नोकरी करण्यास आमची काहीही हरकत नाही. त्यांच्याकडे कंपनीचं काहीही येणं नाही. तारीख आजची.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सोमनाथची गाठ बसली होती, पण तो बोट काढेना. गाठ सोडली तर सगळं सुटेल, असं त्याला वाटत होतं.

मॅडमनी चष्मा काढला. डोळे ओले. "मिस्टर डेलमू," त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं हा इतिहास सांगत फिरते. लोक टोप्या घालतात, जेवतात, घरी जातात. पूर्वजांना जे मिळालं ते दुसऱ्या जिवंत विणकराला कुणी दिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि तुम्ही कुणाला आधी सांगितलंही नाहीत!"

साहेबांनी सेबॅस्टियनकडे पाहिलं. सेबॅस्टियन छताकडे पाहत होता. साहेबांनी सोमनाथकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. चाळीस साचे असलेला साहेब आत ओरडत होता, की ही फसवणूक आहे, आण तो कागद इकडे. पण त्या साहेबाच्या गळ्यात साखळी नव्हती. नगराध्यक्षाच्या गळ्यात होती, आणि समोर इंग्रजी पेपरचा फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता.

"सरप्राइज," नगराध्यक्ष म्हणाले.

साठ माणसं उठून उभी राहिली. टाळ्या अशा, की खालच्या क्रेनवाल्याला वाटलं काही कोसळलं. साहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. स्वतःच्या मोठेपणाने ते गदगदले होते. सोमनाथने कागद घेतला, कोटाच्या आत घातला आणि लोकरी कोटातला घाम त्याला लागू नये म्हणून पुढचे दोन तास पोट आत ओढून बसला. जेवलाही नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेपर. तिसऱ्या पानावर झगा, साखळी आणि कोपऱ्यात अर्धा सोमनाथ.

"सोमनाथ, फार छान झालं. आता ते पत्र आण. मी फ्रेम करणार आहे."

"साहेब, ते लेबर ऑफिसात दिलं. सकाळी साडेसातला. सेबॅस्टियनच घेऊन गेला. शिक्का पडला तिथला."

साहेबांनी पेपर बाजूला सरकवला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आणि सांधणी? सोमवारी सहा साच्यांचं सूत संपतंय. कोण जोडणार?"

सोमनाथच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, सात वर्षांचं. त्याने साहेबांकडे नीट पाहिलं. खानदान उतरवून ठेवलं की आत एक चादरी विकणारा माणूस होता, ज्याला साधी गाठ मारता येत नव्हती.

"तीस कारागीर बोलवा की साहेब कुठनं तरी," तो म्हणाला. "घरादारासकट. पत्र कसं लिहायचं ते सेबॅस्टियनला ठावं हाय."

साहेबांनी मान हलवली. त्यांचं लक्ष पुन्हा पेपरकडे गेलं होतं. फोटोतला सोमनाथ कापून टाकला तर फ्रेम किती रुंद लागेल, हे ते बोटांनी मोजू लागले. सोमनाथ बाहेर पडला आणि रोल्लाच्या बसकडे चालू लागला. अजीजमियाचं दुकान एक वाजता बंद व्हायचं आणि त्याआधी सत्यभामाच्या पासपोर्टची कॉपी त्याच्या हातात पडायला हवी होती.