ठुशीची सवत

मी एक जुनी ठुशी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार मत्सरी आहे. सोन्याचे बारीक मणी दाटीने ओवून कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, मला घडवलं, तेव्हा सोनार म्हणाला होता, "ही गळ्यात पडली की माणसं दुसरीकडं बघायची न्हाईत." मी ते मनावर घेतलं.

नेसरीच्या आक्कांनी मला हौसेनं वापरलं. लग्नाबारशात बायका मला बोट लावून बघत आणि मी फुगून जाई. मग आक्कांनी मला थोरल्या सुनेच्या, संयोगिताच्या गळ्यात घातलं. तिथं मला सवत भेटली.

संयोगिताच्या गळ्यावर मधोमध जन्मापासून एक गाठ होती, सुपारीएवढी. घोट गिळला की वरखाली व्हायची. आक्का तिला अंबाबाईची खूण म्हणायच्या. हळदीकुंकवाला आलेली बाई आधी हळदीचं बोट त्या गाठीला लावायची. मी सोन्याची, आणि मान त्या मांसाच्या गोळ्याला! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

घरात आणखी एकजण जळत होती, धाकटी सून निशिगंधा. "वैनींना देवीची खूणबी आणि ठुशीबी," असं ती भांडी घासताना पुटपुटायची. मला तिचा राग नव्हता, उलट सोबत वाटायची.

यंदा नवरात्रात मी संयोगिताला काचायला लागले. माझी दोरी सैल करून करून शेवटाला आली. आक्का म्हणाल्या, "ठुशी आखडलीया. गुजरीत न्हेऊन दोरी बदलून आणूया." मित्रांनो, सोनं कधी आखडतं का? पण खूण पवित्र, म्हणून दोष माझ्यावर.

"न्ह्यायच्या आधी एकदा मी घालून बघतो की," निशिगंधा म्हणाली. तिनं मला घातलं. मी तिच्या गळ्यात सैल पडले. आरशात बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"आक्का, ठुशी आखडली न्हाय. वैनींची गाठ वाढलीया."

"गप बस. जळतीस तिच्यावर."

"व्हय, जळतो. म्हणून तर रोज तिच्या गळ्याकडं बघतो. मला कळतंय."

संयोगिताचा नवरा बाळासो तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडं घेऊन गेला. मी पुन्हा तिच्याच गळ्यात होते; तपासणीआधी मला काढून त्यानं खिशात ठेवलं. डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढायला लावली, सोनोग्राफी केली. म्हणाले, "आईच्या पोटात असताना गळ्यात एक नळी असते. ती बुजली नाही की अशी गाठ राहते. बहुतेकींना काही होत नाही. फार क्वचित तिच्यात कॅन्सर होतो. हिच्या आत काहीतरी घट्ट दिसतंय. काढायला हवी."

बाळासोचा हात खिशात आला. त्यानं मला इतकं आवळलं की माझे मणी त्याच्या तळव्यात रुतले. सवत जावी असं मला रोज वाटायचं, पण ती संयोगितालाच घेऊन जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी घाबरले.

ऑपरेशन झालं. गाठ, नळी आणि तिथल्या हाडाचा छोटा तुकडाही काढला. तपासणीत कॅन्सरच निघाला, पण तो गाठीबाहेर गेला नव्हता. "माझ्याच हातानं हळद लावत बसलो की गं," म्हणत आक्का रडल्या.

घरी आल्यावर संयोगितानं मला निशिगंधाच्या हातात ठेवलं. "घे, तुझ्यामुळं हाय मी." आता निशिगंधाचा गुळगुळीत गळा माझ्या एकटीचा आहे. तरी हळदीकुंकवाला बायका संयोगिताभोवतीच गोळा होतात. तिच्या गळ्यावरचा टाक्यांचा व्रण बघतात, कुणी आपली लपवलेली गाठही दाखवते. निशिगंधा आणि मी कोपऱ्यात बसून जळतो.

मित्रांनो, गळ्यावरची गाठ जन्मापासूनची आहे म्हणून तिला घरची समजू नका. दागिन्याखाली झाकू नका. वेळेत डॉक्टरांना दाखवा. परवा संयोगिता खळखळून हसली आणि सगळ्या तिच्याकडंच वळल्या. "बघ, आपल्याकडं कोण बघतंय का," निशिगंधा पुटपुटली आणि पदरानं डोळे पुसले. न का बघेनात. जळायला का होईना, ती समोर हवी.