तलवार खाली ठेवायचं बटण

श्रेयांसच्या मते 'किल्लेदार' या व्हिडिओ गेमचं वाटोळं दुसऱ्या भागातच झालं होतं, तिसऱ्यात ते फक्त जाहीर झालं. त्याचा मित्र गणेश दुसऱ्या भागाच्या बाजूचा. दुसऱ्या भागात घोडा आला होता, आणि घोडा असला की गणेशला इतिहासाशी काही देणंघेणं नसे.

तिसऱ्या भागात तर सगळंच होतं. अख्खा मुलूख, बाजार, पाऊस, घोड्याला सतरा रंगांच्या झुली. कुठं जायचं ते दाखवायला आभाळातून एक पिवळा बाण लोंबकळत असे. नव्हतं ते एकच, तलवार खाली ठेवायचं बटण.

पहिल्या भागात ते होतं. शेवटच्या किल्ल्याचा दरवाजा कशानंच उघडेना. श्रेयांसनं तोफ लावून पाहिली, हत्ती लावून पाहिला. मग मोठ्या भावानं, अर्हमनं, कंट्रोलर घेतला, ढाल टाकली, तलवार टाकली आणि आपला गडी रिकाम्या हातानं दारापुढं उभा केला. दार उघडलं. "ठेवून पाह्यलंच नाही तू," एवढं बोलून तो जेवायला गेला. पुढं त्यानं दीक्षा घेतली आणि बाकीचंही सगळं ठेवलं. कपडेसुद्धा.

घरच्यांनी वाजतगाजत मिरवणूक काढली, पेढे वाटले. श्रेयांसनंही वाटले. कसं वाटून राह्यलं, असं लोक विचारत. तो म्हणे, चांगलं. दात काढायच्या आधी भूल दिलेल्या गालासारखं वाटत होतं, पण पेढे वाटताना ते सांगायची पद्धत नाही.

यंदाच्या चातुर्मासात अर्हम, म्हणजे आता महाराज, मुनींच्या संघासोबत आपल्याच गावी, शिरपूरला आले. दिगंबर मुनींचा आहार दिवसातून एकदाच. सकाळी ते मनाशी एक विधी ठरवून निघतात. अमुक वस्तू हातात घेतलेलं माणूस दिसलं तरच त्या दारात थांबायचं, नाहीतर उपास. विधी कोणाला सांगत नाहीत. म्हणून अख्खी गल्ली सोवळ्याच्या कपड्यांत, हातात काहीबाही धरून दारोदार उभी असते.

श्रेयांसची मम्मी, चेतनाबाई, रोज वस्तू बदलून बघत होती. कलश, नारळ, डाळिंब. एकदा कलशावर नारळ आणि नारळावर डाळिंब. महाराज रोज समोरून जात आणि दुसऱ्याच्या दारात थांबत. त्यांच्यासाठी रांधलेलं मग घरचेच खात, आणि कसं झालं ते कोणी बोलत नसे. चातुर्मास संपत आला होता. संपला की संघ पायी कर्नाटकात निघणार होता. त्याआधी पोरगा एकदा आपल्या दारात थांबावा, एवढंच तिचं मागणं होतं. श्रेयांसचंही तेच होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"तुह्या मायले सांग, आता टीव्हीच धरून उभी राह्य," गणेश म्हणाला. "पयला भाग महाराजायनंच जिंकला होता ना?"

श्रेयांसला तो शेवटच्या किल्ल्याचा दरवाजा आठवला.

दुसऱ्या दिवशी मम्मीनं त्याच्या हातात केळीचा घड दिला. महाराज गल्लीच्या तोंडाशी दिसले तसा त्यानं तो बाजूच्या पाटावर ठेवून दिला.

"श्रेयू, उचल ते," मम्मी ओठ न हलवता म्हणाली.

त्यानं उचललं नाही. महाराज आले. नजर जमिनीवर, उजवा हात खांद्यावर. आणि थांबले.

थांबलेल्या मुनींना तीन प्रदक्षिणा घालायच्या असतात; मम्मी त्या आधी विसरली, मग एक जास्तच घातली. आत महाराजांनी उभ्यानं, ओंजळीत आहार घेतला. आहारात मुनी बोलत नाहीत. श्रेयांसनं ओंजळीत पाणी ओतलं. पूर्वी त्या अंगठ्यावर बटणं दाबून दाबून घट्टा पडला होता. तो आता नव्हता. श्रेयांसच्या अंगठ्यावर अजून होता. महाराज पाणी प्याले आणि गेले. मम्मी बराच वेळ रिकामा तांब्या धरून बसली.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली रिकाम्या हातानं उभी. महाराज सगळ्यांच्या पुढून गेले, श्रेयांसच्याही, आणि थांबले ते शेवटच्या घरी. तिथल्या अंगुरीबाईंना ऐकू येत नसल्यामुळं त्यांच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. त्या नारळ धरून उभ्या होत्या.

गणेश समोरच्या ओट्यावरून पाहत होता. "दुसऱ्या भागाचं असंच राह्यते," तो म्हणाला. "पयल्यात जमलं म्हून तेच करून राह्यले सारे."

"दुसऱ्या भागात घोडा होता पण."

"घोडा होता," गणेशनं मान्य केलं.

दुपारी श्रेयांसनं तिसरा भाग लावला. एकेक बटण दाबून पाहिलं. गडी उडी मारी, वाके, घोड्याची झूल बदले. तलवार काही हातातून सुटेना. वरून बाण लोंबकळत होता.

मग त्यानं कंट्रोलरच फरशीवर ठेवला. पडद्यावरचा गडी जागच्या जागी उभा राहिला, नुसता श्वास घेत. आतून मम्मीनं विचारलं, जेवतं का. तो हो म्हणाला आणि जेवायला गेला.