चुंबळीवरची नववी वाट

मी एक चुंबळ बोलतेय. केदारखेड्याच्या बेबीनंदानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून, गोल वळून, वरून दोरा आवळून मला घडवलं. डोकं आणि हंडा यांच्या मधली जागा माझी. तिथं बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण हंडा असो की बांधकामावरचं घमेलं, बेबीनंदाचं ओझं आधी माझ्यावर यायचं, याचा मला अभिमान होता.

तिची लेक मोनाली जालन्याला कॉलेजात गणित शिकते. एका रविवारी दुपारी ती वहीवर डोकं टेकून बसली होती.

"आई, मी गणित सोडून देते. उद्या वर्गापुढं करून दाखवायचंय, अन् मला ते डोळ्यापुढं येऊनच न्हाई राह्यलं."

"काय येत न्हाई?"

"तीन घरं, तीन विहिरी. हरेक घरातून हरेक विहिरीला वाट, पण कोणतीच वाट दुसरीला आडवी गेली न्हाई पाहिजे. कागदावर आठ बसतात, नववी बसत न्हाई. कागदाच्या जागी मेदूवड्यावानी मधी भोक असलेली वस्तू घेतली तर बसती म्हणे."

"आपल्या वस्तीची वाट त्यांच्या पाणवठ्याला आडवी जाऊ नये म्हणून गावानं बी लई गणितं केली पहिले," बेबीनंदा हसली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं.

घरं म्हणून तीन लाल, विहिरी म्हणून तीन पांढरी बटणं तिनं माझ्या बाहेरच्या अंगाला टाचली. मोनालीनं त्यांच्यामध्ये वरवरून आठ दोरे घातले. नववा अडलाच. पोरीचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटलं.

बेबीनंदानं मला हातात फिरवून पाहिलं. "आठवी उसव. ती जवळून गेली म्हणून अडवून राह्यली. तिला बाहेरच्या कडेनं अख्ख्या चुंबळीला वळसा घालू दे. मंग नववी भोकातून काढ."

चांगली बसलेली वाट उसवायला मोनालीचा हात धजेना. शेवटी तिनं उसवली आणि माझ्या बाहेरच्या कडेनं अख्खा वळसा देऊन पुन्हा घातली. नववा दोरा माझ्या भोकातून खाली उतरला, बाहेरून वर आला आणि कुणालाही आडवा न जाता आपल्या विहिरीला पोचला. मोनालीनं बोट फिरवून नऊही वाटा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात मला पाहून गणिताच्या मॅडमनी विचारलं, "ही युक्ती कुणाची?"

"आईची. ती गवंड्याच्या हाताखाली जाती," मोनालीनं ताठ मानेनं सांगितलं.

गणित सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी आता मोनालीच्या दप्तरात असते.

बेबीनंदा, नवी चुंबळ अजून कडक आहे, टोचत असेल. तिच्यावर रागावू नकोस. चार दिवसांत तीही तुझं डोकं ओळखायला लागेल. इतके दिवस त्यावर बसूनही ते किती चालतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?